मालकी, परवाना की वर्गणी? : व्हिडिओ गेम मिळविण्याच्या मार्गांचा तुलनात्मक विचार

सारांश

व्हिडिओ गेम मिळविण्यासाठी आज ग्राहकासमोर चार प्रमुख मार्ग आहेत : डिस्क अथवा कार्ट्रिज विकत घेणे, इंटरनेटवरील दुकानातून परवाना विकत घेणे, मासिक वर्गणी भरणे आणि दूरस्थ सर्व्हरवर चालणारा खेळ आपल्या पडद्यावर पाहत खेळणे. या मार्गांची तुलना सामान्यतः किमतीच्या आधारे केली जाते. प्रस्तुत लेखात ती हक्कांच्या आधारे केली आहे. पैसे दिल्यानंतर ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते आणि ते काढून घेण्याची शक्ती कोणाकडे उरते, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, मालकी, परवाना, वर्गणी, पुनर्विक्री, डिजिटल जतन.

१. प्रास्ताविक

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या चर्चेत सहसा तक्रारीच्या स्वरूपात येतो. विद्यार्थ्यांचा वेळ, डोळे आणि अभ्यास यांच्या संदर्भात त्याचा उल्लेख होतो. तथापि या खेळांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात गेल्या चार दशकांत जो बदल झाला, तो केवळ खेळणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. ग्रंथ, संगीत, चित्रपट, संगणक आज्ञावली आणि संशोधन नियतकालिके या सर्वांचा व्यवहार त्याच दिशेने सरकत आहे. आपल्या ग्रंथालयात छापील नियतकालिकाची वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटात राहतात. ई-नियतकालिकाची वर्गणी थांबली, तर करारात तशी तरतूद नसल्यास जुने अंकही दिसेनासे होतात. हाच भेद व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात अधिक ठळकपणे व अधिक वेगाने प्रकट झाला आहे. म्हणून त्याचा अभ्यास अध्यापकवर्गास उपयुक्त ठरावा.

२. पहिला मार्ग : प्रत विकत घेणे

जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम हा कन्सोल बाजारात आणला. त्याचे खेळ कार्ट्रिजच्या रूपात विकले जात. आपल्याकडे १९९० च्या दशकात या कन्सोलच्या नकला शहरी मध्यमवर्गीय घरांतील दूरदर्शन संचांना जोडल्या गेल्या. त्यांच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ही कॅसेट मित्राला देता येई, बदल्यात दुसरी घेता येई आणि कंटाळा आल्यावर विकताही येई. या साध्या व्यवहारामागे कायद्याचे एक महत्त्वाचे तत्त्व होते, याची जाणीव अर्थातच कोणाला नव्हती.

ते तत्त्व असे की, कृतीचा कॉपीराइट आणि त्या कृतीची विशिष्ट प्रत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढील विक्रीवरील कॉपीराइटधारकाचे नियंत्रण संपते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये बॉब्ज-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस या पुस्तकविक्रीच्या खटल्यात हे तत्त्व मान्य केले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये वापरलेल्या व्हिडिओ गेमची पुनर्विक्री कायदेशीर ठरविली. आपल्याकडील जुन्या पुस्तकांचा बाजार याच तत्त्वावर उभा आहे.

विक्री आणि भाडे यांत मात्र कायदा भेद करतो. अमेरिकेत १९९० च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावली भाड्याने देण्यावर बंधन घातले, परंतु कन्सोलवरील व्हिडिओ गेम त्यातून वगळले. त्यामुळे तेथे गेम भाड्याने देणारी दुकाने टिकली. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १४ अन्वये संगणक आज्ञावलीची प्रत व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटधारकाकडे आहे.

प्रत विकत घेण्याचे लाभ स्पष्ट आहेत : ती उसनी देता येते, विकता येते आणि विक्रेत्याचे दुकान बंद झाले तरी ती आपल्याकडे राहते. पण एक सावधगिरी आवश्यक आहे. आजच्या डिस्कवर पूर्ण खेळ असतोच असे नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या कन्सोलसाठी ‘गेम-की कार्ड’ हा प्रकार निघाला. या कार्डात खेळ नसतो, खेळ डाउनलोड करण्याची किल्ली असते. कार्ड विकता येते किंवा उसने देता येते. परंतु डाउनलोडची सोय ज्या दिवशी बंद होईल, त्यानंतर नव्या कन्सोलवर त्या कार्डाचा उपयोग उरणार नाही. वस्तू हातात आहे म्हणून खेळ हातात आहे, असे समीकरण आता मांडता येत नाही.

३. दुसरा मार्ग : परवाना विकत घेणे

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम ही सेवा सुरू केली. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘हाफ-लाइफ २’ या खेळासाठी स्टीमवरील खाते अनिवार्य करण्यात आले. डिस्क विकत घेणाऱ्यालाही खाते उघडून इंटरनेटद्वारे खेळ कार्यान्वित करावा लागे. प्रतीचे खात्याशी असे लग्न लागले आणि तेथून पुनर्विक्रीचा मार्ग बंद झाला.

स्टीमच्या करारात खेळ विकला जात नसून त्याच्या वापराचा परवाना दिला जातो, असे नमूद आहे. खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. व्यवहार मात्र ‘खरेदी’ या शब्दानेच चालतो. या शब्दामुळे होणाऱ्या गैरसमजाची दखल कॅलिफोर्निया राज्याने घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या तेथील कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने ते स्पष्टपणे सांगणे बंधनकारक आहे. जी वस्तू कायमची डाउनलोड करून इंटरनेटविना वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच स्टीमच्या दुकानात पैसे देण्यापूर्वी तशी सूचना दिसू लागली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा भेद पागडीच्या उदाहरणाने चटकन उमगेल. पागडीच्या खोलीत राहणारा एकरकमी मोठी रक्कम मोजतो, पण तो मालक नसतो. तरीही मालकाला त्याचा वाटा देऊन ती खोली दुसऱ्याकडे हस्तांतरित करण्याची वाट त्याच्यापुढे असते. डिजिटल परवानाधारक रक्कम तशीच एकदम मोजतो, परंतु त्याला हस्तांतराचा हक्क नसतो. ताबा आहे पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी त्याची स्थिती असते.

परवान्याचेही काही लाभ नाकारता येत नाहीत. सवलतीच्या काळात किमती बऱ्याच उतरतात, डिस्क खराब होण्याची भीती नसते, संगणक बदलला तरी खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. जून २०१५ पासून स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मागता येतात.

परवान्यातही दोन जाती आहेत. पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेले जीओजी हे दुकान कुलूपबंद नसलेले खेळ विकते. ग्राहकाला खेळाची स्थापना करणारी फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. कायद्याच्या भाषेत तोही परवानाच होय. परंतु दुकान उद्या बंद पडले तरी ती फाइल चालू राहते. कागदावर समान असलेले हक्क व्यवहारात किती भिन्न असू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

४. तिसरा मार्ग : वर्गणी

मायक्रोसॉफ्टने १ जून २०१७ रोजी एक्सबॉक्स गेम पास ही वर्गणी योजना सुरू केली. ठराविक मासिक रक्कम भरून शंभराहून अधिक खेळांपैकी कोणताही खेळण्याची मुभा तीत होती. सोनीची प्लेस्टेशन प्लस ही योजना २०१० पासून होती. जून २०२२ मध्ये तिची तीन स्तरांत पुनर्रचना झाली. यांपैकी वरच्या स्तरांत खेळांचा मोठा संग्रह मिळतो. भारतात सर्वोच्च स्तर ‘डीलक्स’ या नावाने आणि सर्व्हरवरून थेट खेळण्याच्या सुविधेविना देण्यात आला.

वर्गणी म्हणजे वाचनालयाचे सभासदत्व. नव्या वाचकाला वाचनालय वरदान ठरते, कारण अपरिचित पुस्तक चाळून पाहण्याचा धोका त्यास पत्करता येतो. परंतु वाचनालयाने विकत घेतलेले पुस्तक वाचनालयाचे असते. गेमच्या वर्गणीत ‘वाचनालय’ हाही अनेकदा भाडेकरूच असतो. इतर प्रकाशकांशी झालेल्या कराराची मुदत संपली की खेळ संग्रहातून बाहेर पडतो. अर्धवट खेळलेला खेळ पुरा करावयाचा असल्यास तो स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो.

दुसरा मुद्दा दराचा आहे. गेम पासच्या अल्टिमेट या स्तराचा अमेरिकेतील मासिक दर २०१९ मध्ये १४.९९ डॉलर होता. तो २०२३ मध्ये १६.९९, २०२४ मध्ये १९.९९ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ डॉलर करण्यात आला. म्हणजे सहा वर्षांत दर दुप्पट झाला. विकत घेतलेल्या डिस्कची किंमत मागाहून वाढत नाही. वर्गणीदार मात्र दरवाढीच्या प्रत्येक वेळी एका पेचात सापडतो : वाढीव रक्कम भरावी, अथवा आजवरचा सर्व संग्रह एकदम सोडावा.

५. चौथा मार्ग : दूरस्थ खेळ

या प्रकारात खेळ ग्राहकाच्या यंत्रावर नसतोच. तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि ग्राहकाला केवळ चित्र व ध्वनी पोहोचतात. महाग यंत्र घ्यावे लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ आहे. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया ही अशी सेवा काही देशांत सुरू केली. तीत वर्गणीबरोबरच एकेक खेळ पूर्ण किमतीला विकतही घेता येई. १८ जानेवारी २०२३ रोजी सेवा बंद झाली. कंपनीने आपल्या दुकानातून झालेल्या यंत्रसामग्रीच्या व खेळांच्या खरेदीचे पैसे परत केले. हे पाऊल स्तुत्य होते. परंतु त्यानेच एक गोष्ट सिद्ध केली : पैसे परत करता आले, खेळ मात्र ग्राहकाजवळ ठेवता आले नाहीत, कारण ते त्याच्याजवळ कधी नव्हतेच.

याशिवाय विनामूल्य मिळणारे आणि आतील वस्तूंच्या विक्रीवर चालणारे खेळ हा आपल्या विद्यार्थ्यांत सर्वाधिक परिचित प्रकार आहे. त्यात प्रवेश फुकट असतो, पण खर्चाला वरची मर्यादा नसते. पबजी मोबाइल या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. तिच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटविण्यात आला व मे २०२३ मध्ये परत आला. खेळाडूंनी त्यात विकत घेतलेली वेशभूषा व शस्त्रे या घडामोडींत निर्णायक नव्हती. येथे वर्गणी व पैज यांतील भेदही लक्षात घ्यावा. भारताच्या ऑनलाइन गेमिंगविषयक २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या खेळांना मनाई केली. मात्र पैजेच्या स्वरूपाचे नसलेले वर्गणी अथवा प्रवेशशुल्क घेणारे खेळ त्याने वेगळे काढले.

६. खर्चाचा तुलनात्मक हिशेब

पुढील रकमा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी मानलेल्या आहेत. नवी डिस्क ४,००० रुपये, ती पूर्ण खेळून विकल्यास २,२०० रुपये परत, म्हणजे निव्वळ खर्च १,८०० रुपये. डिजिटल परवाना प्रारंभी ४,००० रुपये, वर्षभराने सवलतीत १,६०० रुपये. वर्गणी दरमहा ८०० रुपये.

अ) एकच खेळ दोन वर्षे खेळणारा : डिस्क अथवा परवाना यांवर ४,००० रुपये खर्च येतो. वर्गणीवर २४ महिन्यांत १९,२०० रुपये जातात.

आ) वर्षभरात आठ खेळ पुरे करणारा : डिस्क घेऊन विकत राहिल्यास १४,४०० रुपये, परवाने प्रारंभीच घेतल्यास ३२,००० रुपये, सवलतीची वाट पाहिल्यास १२,८०० रुपये आणि वर्गणीने ९,६०० रुपये.

इ) केवळ सुटीच्या दोन महिन्यांत तीन खेळ खेळणारा : वर्गणी १,६०० रुपये. डिस्क घेऊन विकल्यास ५,४०० रुपये.

यावरून दिसते की वर्गणी सरसकट महाग वा स्वस्त नाही. अनेक खेळ थोड्या काळात खेळणाऱ्यास ती परवडते. एकाच खेळात रमणाऱ्यास परवडत नाही. परंतु हिशेब येथे थांबविल्यास तो अपुरा राहतो. पाच वर्षे सलग वर्गणी भरणारा ४८,००० रुपये देतो आणि वर्गणी थांबल्याच्या दिवशी त्याची फडताळी रिकामी असते. जमाखर्चाच्या वहीत खर्चाची बाजू सर्वांना दिसते. जमेची बाजू पाहण्याची सवय मात्र सुटत चालली आहे.

७. न्यायालयांची भूमिका

परवान्याला विक्री मानावे काय, यावर न्यायालयांत एकमत नाही. अमेरिकेत २०१० च्या व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अपील न्यायालयाने आज्ञावलीचा ग्राहक हा मालक नसून परवानाधारक असल्याचे ठरविले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट खटल्यात, मुदतीचे बंधन नसलेला व मोबदला घेऊन दिलेला आज्ञावलीचा परवाना पुन्हा विकता येतो, असा निर्णय दिला. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांबाबत याच्या उलट भूमिका घेतली. मग व्हिडिओ गेम हा आज्ञावली मानावा की साहित्य-कलाकृती? फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये पुनर्विक्रीच्या बाजूने कौल दिला. अपिलात तो फिरला आणि २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अपिलातील निर्णय कायम ठेवला. व्हिडिओ गेम ही निव्वळ आज्ञावली नसून चित्र, संगीत व कथा यांची संमिश्र कलाकृती आहे, हा त्यामागील विचार होय. खेळाला कलाकृतीचा दर्जा मिळाला आणि त्याच कारणाने ग्राहकाचा विक्रीचा हक्क गेला, हा विरोधाभास चिंतनीय आहे.

ग्राहकांचा विरोध अगदीच निष्फळ ठरतो असेही नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी डिस्कच्या पुनर्विक्रीवर निर्बंध आणि दर २४ तासांनी इंटरनेटद्वारे तपासणी अशी योजना जाहीर केली होती. तीव्र नाराजीनंतर त्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली.

८. जतनाचा प्रश्न

‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तो एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजलेल्या सर्वांचा खेळ संपला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही. या घटनेतून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ सेवा संपल्यानंतरही खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवावा, अशी तिची मागणी आहे. युरोपीय संघातील तिच्या नागरिक-अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला.

हा प्रश्न केवळ ग्राहकहिताचा नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांसाठी दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देण्याची सवलत द्यावी, ही विनंती तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य केली.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ काय? पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. भारतीय पुराणकथा आणि पहाडी चित्रशैली यांचा आधार घेतलेला हा खेळ प्रथम डाउनलोड स्वरूपात आला. तीस वर्षांनी एखादा विद्यार्थी महाराष्ट्रातील व्हिडिओ गेम निर्मितीवर प्रबंध लिहू लागला, तर तो हा खेळ कोठे पाहील? पुस्तके व वृत्तपत्रे यांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याची तरतूद १९५४ च्या कायद्याने झाली. म्हणून शंभर प्रतींची आवृत्ती निघालेला कवितासंग्रहही सापडण्याची शक्यता असते. खेळांसाठी तशी आश्वस्त जागा नाही. ज्या कृतीची प्रत कोणाच्याच घरी नसते, तिचा इतिहास तिच्या विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) चार मार्गांतील खरा भेद किमतीचा नसून नियंत्रणाचा आहे. खेळ बंद करण्याची कळ प्रतीच्या मार्गात बहुतांशी ग्राहकाकडे, तर दूरस्थ मार्गात पूर्णतः कंपनीकडे असते. परवाना व वर्गणी यांचे स्थान या दोहोंमध्ये आहे.

२) डिस्क म्हणजे मालकी आणि डाउनलोड म्हणजे परावलंबन, हे विभाजन ढोबळ आहे. सर्व्हरवर अवलंबून असलेली डिस्क निरुपयोगी ठरू शकते आणि कुलूप नसलेली फाइल पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते.

३) वर्गणी हे परिचयाचे व प्रयोगाचे उत्तम साधन आहे, संग्रहाचे साधन नाही.

४) पैसे भरण्यापूर्वी ग्राहकाने पाच प्रश्न विचारावेत. इंटरनेटविना हा खेळ चालेल काय? दुसऱ्याला देता वा विकता येईल काय? माझे खाते बंद झाल्यास काय उरेल? दर वाढविण्याचा हक्क कोणाचा? कंपनीने सेवा थांबविल्यास काय होईल?

५) ॲनिमेशन, गेम निर्मिती वा माध्यमविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयांनी अध्ययनासाठी लागणारे खेळ शक्यतो प्रतीच्या वा कुलूपमुक्त फाइलच्या स्वरूपात घ्यावेत आणि ते चालविणारी जुनी यंत्रेही मोडीत न काढता जपावीत.

हेच पाच प्रश्न आपल्या ग्रंथालय समितीच्या बैठकीत ई-साधनांच्या करारासमोर ठेवून पाहावेत. त्यांपैकी किती प्रश्नांची उत्तरे करारात लेखी सापडतात, यावर आपल्या ग्रंथालयाने त्या वर्षी काय मिळविले आणि काय केवळ वापरले, हे ठरेल.